क्षारपड रानात निलगिरी लावून पाणी उतरेल का?

प्रश्न (शिरोळ तालुका): अडीच एकर काळं रान, वर्षानुवर्षं ऊस. आता दोन-अडीच फुटांवर पाणी लागतं, उन्हाळ्यात पांढरं फुटतं. निलगिरी लावावी का? किती?

उत्तर: पाणी उतरतं, क्षार मात्र रानातच राहतात. झाड पाणी उचलतं आणि मीठ मुळांपाशी सोडतं. म्हणून आधी माती आणि खालचं पाणी दोन्ही तपासा. पाण्याची क्षारता (ईसी) 12 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे असेल तर निलगिरीचं पाणी ओढणं बरंच मंदावतं. तिथे सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचराच हवा.

हरियाणात हिसारजवळ पुठी इथे 66 मीटर अंतरावर जोडओळी लावल्या, हेक्टरी 300 झाडं. तीन वर्षांत पाणी सुमारे 85 सेंटिमीटर उतरलं. पण ती जमीन हलकी. आपल्या चिकण काळ्या मातीत पाणी आडवं फार हळू सरकतं, झाडाचा परिणाम ओळीपासून फार लांब पोचत नाही. त्यामुळे 66 मीटर इथे चालणार नाही. ओळी जवळ घ्या, आणि निम्म्या रानावरचा ऊस सोडायची तयारी ठेवा.

लागवड वरंब्यावरच करा. सपाटीवर पावसाळ्यात मुळं गुदमरतात, रोपं पिवळी पडून मरतात. वरंबा दीड-दोन फूट उंच, उत्तर-दक्षिण. रोप माथ्यावर नको, कारण क्षार चढून तिथेच साठतात; दोन्ही कुशींना, मीटरभर अंतराने लावा. एक-दोन चांगले पाऊस होऊन वरंबा धुतला की लावा. पहिला उन्हाळा गोडं पाणी द्या. मातीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर असेल तर खड्ड्यात शेणखताबरोबर जिप्समही लागेल.

आता खरं दुखणं. मोकाट पाण्याची 8 सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे एकरी सव्वातीन लाख लिटर. असं पाणी सुरू राहिलं तर कुठलंच झाड पुरं पडत नाही. उरलेल्या उसाला ठिबक करा. वरचा शेजारी पाट सोडत असेल तर त्या बांधाला पाझर अडवणारा चर आधी काढा, झाडं नंतर.

दहा फुटी पीव्हीसी पाईपला खालच्या सहा फुटांत भोकं पाडून, जाळी गुंडाळून, भोवती भरड वाळू टाकून तो रानात उभा पुरा. असे दोन पाईप: एक झाडांच्या ओळीत, दुसरा दोन ओळींच्या मधोमध. दर महिन्याच्या 1 तारखेला पाणी किती खोल आहे ते वहीत लिहा. पहिली दोन वर्षं फरक दिसला नाही तर घाबरू नका, झाडं लहान आहेत. तिसऱ्या वर्षीही मधल्या पाईपात पाणी तिथंच असेल, तर भूमिगत निचऱ्याचा खर्च टळत नाही.