बस ‘३ मिनिटांत’ म्हणते आणि येतच नाही! : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण शहरातल्या प्रवासाबद्दल प्रश्न मागवले होते. सगळ्यांना जागा देणं शक्य नाही, त्यामुळे जे पुन्हापुन्हा आले ते घेतलेत.

प्रश्न : ॲपवर बस ३ मिनिटांवर दाखवते, मग ५ मिनिटं, मग गायबच. आम्हाला वेड्यात काढतात का हे लोक? (एक आजोबा, कोथरूड)

काका, वेड्यात काढत नाहीत, पण त्यांना जेवढं कळतं त्यापेक्षा जरा जास्तच ठामपणे बोलतात. होतं काय, बसमध्ये जीपीएसचा एक डबा असतो, तो दर काही सेकंदांनी मी इथे आहे असं सर्व्हरला कळवत राहतो, आणि आधीच्या फेऱ्यांना किती वेळ लागला ते बघून ॲप अंदाज बांधतं की तुमच्या स्टॉपला कधी पोचेल. बस रस्त्यावर धावत असेल तर हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. घोळ होतो तो बस जिथून सुटते तिथं, म्हणजे बस अजून सुटलीच नाहीये, किंवा मागची फेरी ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणून ही फेरीच रद्द झालीय पण सिस्टीममध्ये कुणी ते टाकलेलंच नाही, मग ॲप बिचारं टाइमटेबलातली वेळ दाखवत बसतं. त्यामुळे वेळेपुढे ‘लाइव्ह’ असं काही दिसतंय का ते आधी बघा, नसेल तर तो नुसता छापील टाइमटेबलच आहे असं समजा.

मी स्वतः परवा एका स्टॉपवर २५ मिनिटं मोबाइलवरच्या बसच्या ठिपक्याकडे बघत उभा होतो, ठिपका एका चौकात चिकटलेला, मला वाटलं सिग्नल मोठा असेल. शेजारच्या बाई भाजीची पिशवी खाली ठेवत शांतपणे म्हणाल्या, “ती बंद पडलीय हो, मी मगाशी रिक्षातून येताना बघितली.” बस सिग्नलला उभीय की बंद पडलीय हे नुसत्या जीपीएसला कळत नाही! आणि एक सांगू का, ज्या रूटवर दर ५ मिनिटांनी बस आहे तिथं ॲप उघडायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

प्रश्न : रोज बस, लोकल, मेट्रो असं तीन वेळा तिकीट काढते. एकच कार्ड कधी होणार? (नोकरदार वाचक, डोंबिवली)

ताई, कार्ड आहे की! नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड २०१९ च्या मार्चमध्येच आलं, बऱ्याच मेट्रो आणि बसमध्ये चालतं. मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई वन ॲपही आलं, त्यात लोकल, मेट्रो, बेस्ट, ठाण्याची टीएमटी, तुमची केडीएमटी अशा ११ सेवांची तिकिटं एका ठिकाणी निघतात.

कार्डाची एक खोच मात्र माहीत असू द्या. गेट पटकन उघडायला हवं, दरवेळी बँकेला विचारत बसायला वेळ नसतो, म्हणून पैसे कार्डाच्या चिपमध्येच असतात. माझ्या बायकोनं घरी बसून ५०० रुपये भरले, स्टेशनवर गेली तर गेट उघडेना, मागे ही रांग! पैसे आले होते पण चिपवर चढले नव्हते, ते स्टेशनवरच्या मशीनला कार्ड लावून ‘बॅलन्स अपडेट’ करायचं असतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. कार्ड एक झालं तरी भाडं एक होत नाही. गाडी बदलली की पुन्हा कमीत कमी भाड्यापासून मोजणी सुरू. लंडनमध्ये २०१६ पासून तासाभरात बस बदलली तर दुसऱ्या बसचे वेगळे पैसे लागत नाहीत, शिवाय दिवसाच्या एकूण भाड्याला मर्यादा असते, त्यापुढे कितीही फिरा. यात टेक्नॉलॉजी फार अवघड नाही, सगळ्या कंपन्यांनी एकत्र बसून पैसे वाटून घ्यायला तयार व्हायला हवं, आणि आपलं घोडं तिथंच अडतं.

प्रश्न : कॅमेरेवाले स्मार्ट सिग्नल बसले की ट्रॅफिक संपेल का? (एक दुकानदार, नाशिक)

साधा हिशोब करू. हिरवा दिवा असताना एका लेनमधून साधारण दर २ सेकंदांना एक कार सुटते. म्हणजे ४० सेकंदांत २० कार. कॅमेऱ्यानं रांग बघितली, समोरच्या मोकळ्या रस्त्याचे ६ सेकंद काढून तुम्हाला दिले, तर ३ कार जास्त सुटल्या, बस. दुपारी, रात्री, एक रस्ता रिकामा आणि दुसरा भरलेला असताना याचा छान उपयोग होतो, पण संध्याकाळी ७ वाजता चारही बाजू तुंबल्या की सेकंद आणायचे कुठून? त्यापेक्षा तेच ६ सेकंद ५० माणसं बसलेल्या बसला द्या, बस येताना दिसली की हिरवा थोडा लांबवायचा. माणसं मोजायची की गाड्या, एवढं आधी ठरवा म्हणजे झालं.

प्रश्न : शहरात गाडी आणायला पैसे लावले तर? (कॉलेजकुमार, पुणे)

सिंगापूरनं १९७५ मध्ये कागदी परवान्यानं सुरुवात केली, १९९८ मध्ये ते इलेक्ट्रॉनिक केलं. स्टॉकहोमनं २००६ मध्ये ट्रायल घेतली, गाड्या साधारण २० टक्के कमी झाल्या, पण शुल्क लावायच्या काही महिने आधीच त्यांनी जादा बस सोडल्या होत्या, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. आपल्या चारचाकींना फास्टॅग आहेच, म्हणजे पैसे कापणं सोपं. पण पुण्यात टू-व्हीलरला ना फास्टॅग ना टोल, आणि रस्त्यावर त्याच जास्त. तुझीपण असेलच एक!

प्रश्न : ड्रायव्हर नसलेली रिक्षा येईल का? (इयत्ता सातवी, सांगली)

ड्रायव्हर नसलेली गाडी भारतात आहे बरं का! दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर डिसेंबर २०२० पासून. अमेरिकेत फिनिक्स शहराच्या परिसरात त्याच वर्षी अशा टॅक्सीही सगळ्या लोकांसाठी सुरू झाल्या. रिक्षाला वेळ लागेल, कारण रुळावर समोरून कुणी राँग साइडनं येत नाही.