डायलिसिसवर असलेल्यांच्या तळपायांना मुंग्या, जळजळ: शुगर नसली तरी

ताई, तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा होतं, शुगर नाही, तरी रात्री तळपाय जळतात, मुंग्या येतात आणि परवा पायातली चप्पल निसटली तीही त्यांना कळली नाही. शेजारी म्हणतात निफाडची थंडी बाधली, गरम तेलाने चोळा. आणि नणंदेकडे प्रीगाबालिनच्या (नसांच्या दुखण्यावरच्या) गोळ्या आहेत, त्या द्याव्यात का, असं विचारलंय.

आधी गोळीचं. कृपा करून देऊ नका. प्रीगाबालिन आणि तसंच दुसरं औषध गॅबापेंटिन शरीराबाहेर टाकायचं काम किडनीचंच असतं. ती काम करत नसली की औषध साठत जातं. माणूस गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो, हातापायांना झटके येतात, तोल जाऊन पडतो. डायलिसिसच्या पेशंटला ही औषधं देतात, पण फार कमी डोसने आणि बहुतेक वेळा डायलिसिस झाल्यावर. तो डोस किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आता मूळ दुखणं. किडनी फार उतरली की रक्तात साठणाऱ्या विषारी द्रव्यांचा त्रास नसांना (मज्जातंतूंना) होतो, आणि सगळ्यात लांब नसा आधी सापडतात. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून, सारखीच, आणि मग हळूहळू वर. यात पोटॅशियमचा वाटा मोठा असावा. नसेतून संदेश जातो तो तिच्या आतल्या-बाहेरच्या पोटॅशियमच्या फरकावर. रक्तात पोटॅशियम वाढलं की तो फरक घटतो. सिडनीतल्या संशोधकांनी डायलिसिसच्या आधी आणि नंतर नसा तपासल्या, तेव्हा आधी बिघडलेलं काम नंतर बरंच सुधारलेलं दिसलं. त्यांनीच 2017 मध्ये दाखवलं की आहारातलं पोटॅशियम 24 महिने आवरलं तर नसांची घसरण मंदावते. ते पेशंट अजून डायलिसिसवर गेलेले नव्हते, तरी मी स्वतः डायलिसिसवर असून ही गोष्ट मनावर घेतली आहे.

आपल्या नाशिकमध्ये हे पथ्य अवघड जातं. 100 ग्रॅम द्राक्षांत साधारण 190 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, तेवढ्याच बेदाण्यांत 700 च्या वर. घरचा बाग असला की बेदाणे येता-जाता तोंडात पडतात, ते आधी बंद करा. 'लो सोडियम' मीठही नको, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा: डायलिसिस पुरेसं होतंय का, केटी/व्ही (डायलिसिस किती पुरेसं झालं ते सांगणारा आकडा) किती आला, तिसरी पाळी लागेल का? आमच्याकडे कितीतरी जण अर्धा तास आधीच मशीन काढायला लावतात. मला ते बघवत नाही, कारण पायांवर परिणाम दिसायला लागेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. बी-12 आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर तेही सांगा, त्यात लोहाची कमतरता असू शकते.

तपासताना डॉक्टर पायाच्या अंगठ्यावर ट्युनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) टेकवतात आणि 'कंप थांबला की सांगा' म्हणतात. पेशंट लगेच 'थांबला' म्हणतो, पण तोच फोर्क डॉक्टरांच्या बोटावर अजून थरथरत असतो. बधिरपणा किती आहे ते तिथेच कळतं. गरज वाटली तर एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) करतात.

तेल कोमट असेल तर हलक्या हाताने लावा, पण ते किती गरम आहे हे तुम्ही आपल्या हाताने बघायचं, त्यांना विचारायचं नाही. शेकायची पिशवी नको. रामकुंडावर किंवा देवळाच्या आवारात दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू देऊ नका, फोड आलेला त्यांना कळणार नाही. रोज रात्री तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात बघा.

फिस्टुलाच्या हाताला (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या हाताला) मुंग्या येत असतील, बोटं गार पडत असतील, तर ते वेगळं कारण असू शकतं, पुढच्या पाळीची वाट न बघता दाखवा. पाऊल एकाएकी लोंबकळायला लागलं किंवा ताकद दोन-चार दिवसांत उतरली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.