कोठीला घाम, भिंतीत पोकळी आणि कापलेले मार्क

सुदामानगरच्या एक काकू: वर्षाचा गहू पत्र्याच्या कोठीत भरून मागच्या गॅलरीत ठेवलाय. डिसेंबरपासून वरचा थर ओलसर, गठ्ठे होतायत, खालचा मात्र ठणठणीत. कोठी गळत नाही, मग पाणी येतं कुठून?

गव्हातूनच येतं, काकू. दाणा कितीही वाळवलात तरी त्यात 10-12 टक्के पाणी असतंच. आता इंदूरच्या थंडीत रात्री पत्रा नि झाकण गारठतं पण गहू उष्णता इतकी हळू सोडतो की एका रात्रीची थंडी कडेने जेमतेम 5-6 सेंटिमीटर आत शिरते. सकाळी 6 ला हात घालून बघा ना, कडेला गार लागेल आणि मधे कोपरापर्यंत खुपसलात की कोमट. मग कडेची गार हवा दाण्यांच्या फटींतून खाली सरकते, मधली उबदार हवा ओल घेऊन वर येते आणि झाकणाला आतून घाम फुटतो, तोच परत गव्हावर टपकतो. घरच्या कोठीत ही हवा मुंगीच्या पावलाने चालते म्हणा, त्यामुळे खरा गुन्हेगार झाकणच. मोठ्या सायलोत (धान्याच्या उंच टाकीत) मात्र ती चांगलीच फिरते, म्हणून तिथे पंख्याने हवा मारून सगळा ढीग एका टेम्परेचरला आणतात. तुम्ही कोठी आतल्या खोलीत घ्या, बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, झाकणावर जाड गोणपाट टाका. आणि मे महिन्यात गच्चीवर वाळवलेला गहू गरम-गरम भरायचा नाही, रात्रभर गार होऊ द्यायचा. कडुलिंबाचा पाला किड्यांसाठी आहे, घामासाठी नाही!

एक वाचक, विजयनगर: पश्चिमेच्या दुहेरी भिंतीत 3 इंच पोकळी आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो हवाच बेस्ट, ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) कशाला?

अर्धं बरोबर बोलतोय तो. थांबलेल्या हवेची उष्णतावाहकता (वॅट प्रति मीटर-केल्विन, जितकी कमी तितकी उष्णता अडते) 0.026, ग्लासवूलची 0.04 च्या आसपास, विटेची 0.7 च्या घरात. पण 3 इंचात हवा थांबतेय कुठे, गरम बाजूने वर, गार बाजूने खाली, चक्कर चालूच, शिवाय एका भिंतीकडून दुसरीकडे उष्णतेचे किरण जातात ते वेगळंच. ग्लासवूल हवेला बारीक फटींत अडकवतं, काम हवाच करते. भरा, फक्त पावसाचं पाणी आत जाऊ देऊ नका, भिजलं की संपलं.

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी: सच्छिद्र (बारीक फटींच्या) थराची एक बाजू गरम, एक गार, डार्सी-रॅले नंबर (फटींतली हवा उष्णतेने किती जोरात फिरू पाहते तो आकडा) 20 आला. 39.5 पेक्षा कमी म्हणून "प्रवाह नाही" लिहिलं. सरांनी मार्क कापले.

बरोबर कापले बेटा. 39.5 म्हणजे 4 पाय स्क्वेअर, हॉर्टन-रॉजर्स (1945) आणि लॅपवूड (1948) या संशोधकांनी काढलेला उंबरठा, तो खालून तापवलेल्या आडव्या थरासाठी आहे. बाजूने तापवलंस की उंबरठाच नाही, जराशा फरकानेही हवा हलते, फक्त 20 ला बहुतेक उष्णता अजून वहनानेच (हवा न फिरता, कणाकणातून) जाते. आणि तू टेम्परेचर भिंतीच्या बाहेरचं घेतलंयस का? पत्रा असेल तर चालून जाईल, पण थर्मोकोलची जाड भिंत असली तर बराचसा फरक ती स्वतःच खाऊन टाकते, मग आतल्या पृष्ठभागाचं टेम्परेचर काढून नंबर परत काढ, 20 च्याही खाली येईल.