‘नुसता हातच लावला ना?’

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कृष्णवर्णीय बायका केसांचं गाऱ्हाणं घेऊन कधीच येत नाहीत. झोप लागत नाही, कामावर जायच्या आदल्या रात्री छाती धडधडते, नवऱ्याशी बारीकसारीक गोष्टींवरून खटके उडतात, असं काहीतरी सांगतात. केसांचा विषय निघतो बऱ्याच उशिरा, तोही ओशाळं हसत : “तुम्हाला फालतू वाटेल, पण लोक माझ्या केसांना हात लावतात. मी जास्तच मनाला लावून घेते का?”

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी मंडळींकडून हाच प्रश्न दुसऱ्या टोकानं येतो. ऑफिसातल्या ब्लॅक मैत्रिणीच्या वेण्यांना कौतुकानं हात लावला, तेव्हापासून ती तुटक वागते. एवढं काय झालं? दोघींनाही उपयोगी पडेल अशी एक केस सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्या घरातल्या सगळ्यांची परवानगी आहे.

डॅनिएल न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. नवरा समीर नाशिकचा, मुलगी मीरा पाच वर्षांची. इतके समुपदेशक असताना माझ्याकडेच का, हे तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं : “सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. मराठी घर आतून माहीत असलेलं कुणीतरी हवं होतं.”

पण तिची झोप उडाली होती ती सासूबाई यायच्या आधीपासून. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना ती पहिल्यांदा चालवत होती. अशा वेळी रुग्णाच्या कमरेला रुंद पट्टा बांधतात. थेरपिस्ट एका हातानं तो पट्टा मागून घट्ट धरते, दुसऱ्या हातानं खांदा सावरते. आजोबांनी दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच त्यांची मुलगी मागून आली आणि तिनं डॅनिएलच्या केसांत सरळ बोटं घातली. “किती मऊ आहेत हो! मला वाटलं होतं तारेसारखे लागतील.” डॅनिएलला बाजूलाही होता येईना. पट्टा सोडला तर म्हातारा पडणार. ती तशीच उभी राहिली आणि हसली.

“तिचा राग आलाच,” ती म्हणाली, “पण मी हसले याचा जास्त आला.”

आता ते केस कसे असतात तेही सांगायला हवं, कारण आपल्यापैकी बहुतेकांना कल्पना नसते. आदल्या रात्री ओल्या केसांना क्रीम लावायचं, एकेक बट पिळून पेड घालायचे, साटीनची टोपी घालून झोपायचं. सकाळी बोटांना तेल लावून प्रत्येक पेड हलक्या हातानं सोडवायचा, म्हणजे वेटोळी शाबूत राहतात. परक्या हाताची बोटं आत गेली की ती विस्कटतात, आणि दिवसभर तसंच वावरावं लागतं. बारीक वेण्या घालायच्या तर सलूनमध्ये पाच-सहा तास सहज मोडतात. शिवाय तो हात वॉर्डातला. तो कशाकशाला लागून आला असेल हे डॅनिएलपेक्षा जास्त कोणाला ठाऊक?

मग ती जास्त मनाला लावून घेते का? एसटीत कुणाचा पाय एकदा आपल्या पायावर पडला तर आपण उतरेपर्यंत विसरतो. रोज त्याच बोटावर पडत असेल तर नुसती गाडी आलेली दिसली तरी पाय आक्रसतो. चेस्टर पियर्स हे हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ, स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी १९७०मध्ये रोजच्या अशा बारीक अपमानांसाठी ‘मायक्रोॲग्रेशन’ हा शब्द वापरला. सुटा प्रसंग किरकोळच दिसतो, आणि म्हणून त्याबद्दल बोलणारा माणूस वेडा ठरतो, ही त्यातली खरी गोम.

त्यात हा हात काही आजचा नाही. गुलामांच्या बाजारात गिऱ्हाइकं बायकापुरुषांची अंगं चाचपून बघत. दक्षिण आफ्रिकेतल्या सारा बार्टमनला १८१०मध्ये लंडनमध्ये पैसे घेऊन दाखवलं गेलं. बघे तिला चिमटे काढत, काठीनं ढोसत. ती १८१५मध्ये पॅरिसला वारली, आणि तिचे अवशेष मायदेशी परत यायला २००२ साल उजाडलं. आज अमेरिकेत असलेल्या लुईझियानावर स्पेनचा अंमल होता तेव्हा गव्हर्नर मिरो यांनी १७८६मध्ये फर्मान काढलं, की गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीय बायकांनी केस फडक्यानं बांधावेत, त्यांचा नखरा दिसता कामा नये. बायकांनी अशी काही झगझगीत फडकी बांधली की नखरा दुप्पट झाला. हा किस्सा मला डॅनिएलनंच सांगितला. तेवढ्यापुरती ती मनापासून हसली.

असल्या तक्रारीवर ‘खोल श्वास घ्या, सोडून द्या’ म्हणणारं समुपदेशन मला पटत नाही. हात दुसऱ्याचा आणि श्वासाचे व्यायाम हिनं करायचे, हा कुठला न्याय? आम्ही उभं राहून काम केलं. तिला आधी विचारून, चांगलं अंतर ठेवून, मी माझा हात फक्त तिच्या दिशेनं उचलला. तिचा डावा खांदा कानापर्यंत चढला आणि त्याच क्षणी चेहऱ्यावर हसू आलं. अंग नको म्हणत होतं आणि चेहरा समोरच्याला सांभाळून घेत होता. पुढच्या काही भेटींत आम्ही ते हसू काढायला घेतलं. एक पाऊल मागे, हाताचा पंजा समोर, आणि “हात लावू नका.” बस्स. मागेपुढे “सॉरी” नाही, “राग मानू नका” नाही, आणि केस कसे धुतात याचं व्याख्यान तर मुळीच नाही. ऐकायला सोपं वाटतं. हे तीन शब्द न हसता म्हणायला तिला किती जड गेलं, ते मी बघितलंय.

सगळ्यांना एकच माप लावायचं नाही, हे तिचं तिनंच ठरवलं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींनी वेणी धरली तर हात हळूच सोडवायचा आणि विषय संपवायचा. गाडीत शेजारच्या लहान मुलानं हात पुढे केला तर “आधी विचारायचं” एवढं सांगायचं. सहकाऱ्यांना मात्र सूट नाही, त्यांच्याबरोबर रोजचं राहायचंय.

तिची खरी भीती वेगळी होती : “एकदा बोलले की मी चिडकी काळी बाई ठरते.” अमेरिकेत हा शिक्का तयारच असतो, कपाळाला चिकटवायचाच काय तो उशीर. एका सहकाऱ्याला तिनं तोंडावर सांगितलं, आणि वर्षअखेरच्या मूल्यमापनात व्यवस्थापकानं शेरा मारला : ‘वागण्यात थोडी ऊब हवी.’ तेव्हा ही भीती मनाचा खेळ आहे असं मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होते? त्याऐवजी आम्ही कागद जमवायला लागलो. तारीख, जागा, कोण काय म्हणालं, आणि त्याच दिवशी पाठवलेली छोटी ईमेल. न्यू जर्सीत डिसेंबर २०१८मध्ये शाळेच्या कुस्तीत एका कृष्णवर्णीय मुलाला पंचानं केस काप नाहीतर कुस्ती सोड असं सांगितलं, आणि सगळ्यांदेखत मॅटशेजारी त्याच्या जटा कापल्या गेल्या. बरोबर एका वर्षानं इथे क्राउन कायद्यावर सही झाली. त्यानुसार वंशाशी जोडलेला केसांचा पोत, वेण्या, जटा यांवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करता येत नाही. केसांना हात लावणं त्या कायद्यात शब्दशः लिहिलेलं नाही. पण सांगूनही प्रकार थांबत नसेल तर वांशिक छळाची तक्रार होऊ शकते, आणि तेव्हा हे कागदच कामाला येतात. तक्रार करायचीच असा माझा आग्रह नव्हता. करायची वेळ आली तर ती रिकाम्या हातांनी जाऊ नये, एवढंच.

आता घर. माझ्या मते खरी गाठ इथेच होती.

एका रविवारी डॅनिएलनं तीन तास बसून मीराच्या डोक्यालगत बारीक वेण्या घातल्या, टोकांना मणी ओवले. सोमवारी ती कामावर असताना आजींनी ‘पोरीच्या डोक्याला वारा लागू दे’ म्हणून सगळ्या वेण्या सोडल्या, पळीभर कोमट खोबरेल थापलं आणि कोरडेच केस बारीक दातांच्या फणीनं वरून खाली विंचरायला घेतले. असे केस कोरडे ओढले की तुटतात. मीरा रडरड रडली. डॅनिएल घरी आली तेव्हा न्हाणीघरात मणी आणि तुटक्या केसांचे पुंजके पडलेले. ती सासूशी दोन दिवस बोलली नाही. समीर म्हणाला, “आईनं प्रेमानंच केलं ना गं. मुद्दाम केलं का?”

‘मुद्दाम करत नाहीत’ हे समीरचं ठेवणीतलं वाक्य. रुग्णालयातल्या बाईबद्दल तेच, मित्रांच्या बायकांबद्दल तेच. मागे नाशिकला चुलत बहिणीच्या लग्नात बायका येऊन येऊन डॅनिएलच्या वेण्या हातात घेऊन बघत होत्या, तेव्हा हा शेजारी उभा राहून व्हिडिओ काढत होता. मी त्याला म्हटलं, हे वाक्य काही दिवस बंद ठेव. हेतू चांगला होता हे डॅनिएललाही कळतं, म्हणून तर ती हसते. तिला हवाय मध्ये उभा राहणारा माणूस. मराठी माणसांना मराठीत थांबवणं हे तुझं काम, तिचं नाही. तो गप्प झाला. मग म्हणाला, “पण मावशीला कसं सांगू?” प्रामाणिक प्रश्न होता. आपल्यात मावशीला सांगणं म्हणजे आख्ख्या गोतावळ्याला सांगणं.

सासूबाई एकदा सगळ्यांबरोबर आल्या. दुखावलेल्याच होत्या. “ताई, तुम्हीच सांगा, नातीच्या डोक्याला तेल लावायचं नाही तर आजीनं करायचं काय?” मी म्हटलं, “काकू, तुम्ही परक्या नाही. तुमचा हात तिच्या डोक्यावर हवाच आहे. पण हे केस तुम्ही आजवर हाताळलेले नाहीत. सुनेकडून शिकून घ्या, आणि मीराला विचारून हात लावा.”

“पाच वर्षांच्या पोरीला विचारायचं?”

यावर डॅनिएल बोलली. शाळेत मुलं मीराचे केस ओढून सोडतात, स्प्रिंग म्हणतात, आणि मीरा घरी येऊन सरळ केस मागते. समीरला हे माहीत नव्हतं. त्यानं ते दुभाष्यासारखं आईला सांगितलं आणि मधेच थांबला.

काकू बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग स्वतःहूनच म्हणाल्या, “माझ्या आजीची आई लाल आलवणात असायची. न्हावी घरी यायचा, ती मागच्या पडवीत बसायची. तिला कुणी विचारलं होतं?” मुंबईच्या नाभिकांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९०मध्ये विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. इतक्या वर्षांनंतरही ती आठवण कितीतरी घरांत शिल्लक आहे. आपल्याकडचं केशवपन आणि अमेरिकेतली गुलामी एका पारड्यात तोलू नये, मी तोललंही नाही. पण त्या बाईला वाट सापडली ती तिच्याच घरातून, आणि माझ्या दहा वाक्यांपेक्षा ती बरी होती.

तेव्हापासून रविवारचं केस धुणं तिघी मिळून करतात. केस ओले असतानाच भरपूर कंडिशनर, मोठ्या दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकांपासून. तेलाची हौस काकूंनी सोडलेली नाही. आता ओल्या केसांवर थेंबभर लावतात आणि ‘एवढ्यानं काय होतंय’ असं दर वेळी पुटपुटतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी मीराच्या केसांकडे हात नेला. काकू म्हणाल्या, “तिला विचारा आधी.” मीरा म्हणाली, “नको.” बाई खट्टू झाल्या, तिळगूळ घेऊन पलीकडे जाऊन बसल्या. डॅनिएलनं नजरेनंच सासूला विचारलं, आता काय? काकू म्हणाल्या, “रुसेल दोन दिवस.”

मराठी मैत्रिणींचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग विचारून लावला तर चालेल ना? जवळच्या मैत्रिणीला विचारता येईल, तीही नाही म्हणू शकेल अशा वेळी आणि अशा जागी. अनोळखी बाईला विचारूच नये. जून २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये काही कृष्णवर्णीय बायका ‘माझ्या केसांना हात लावू शकता’ अशा पाट्या घेऊन उभ्या राहिल्या होत्या, चर्चा व्हावी म्हणून. तिथेच दुसऱ्या काही जणी उलट मजकुराच्या पाट्या घेऊन आल्या. केस आवडले तर “छान दिसताहेत” म्हणावं. त्याला हात लागत नाहीत. आणि आधीच लावून बसला असाल तर “न विचारता हात लावला, चुकलं माझं” एवढं म्हणून थांबावं. ‘आमच्यात चालतं’ हे शेपूट जोडलं की मगाचची माफी वाया जाते, आणि समोरच्या बाईला पुन्हा तुमचीच समजूत काढत बसावं लागतं.

डॅनिएल अजून महिन्यातून एकदा येते. झोप सुधारली आहे. व्यवस्थापकानं तो शेरा मागे घेतलेला नाही. तिनं त्याखाली आपलं लेखी उत्तर जोडलंय आणि दुसऱ्या विभागात बदलीसाठी अर्जही केलाय. डिसेंबरात नाशिकला मावशीच्या मुलाचं लग्न आहे. केसांचा निरोप समीरनं आधी फोनवर द्यायचा की तिथे गेल्यावर तोंडी, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत झालेलं नाही. काकू म्हणतात, तुम्ही दोघं राहू द्या, मी बघते.