साठ हजारांचे एस्प्रेसो मशीन आणि कार्डावरचे एक लाख वीस हजार

पुण्याहून एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ३१, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ८२,००० रुपये. आई-वडील नाशिकला असतात आणि त्यांना दरमहा १५,००० रुपये पाठवले जातात. ऑफिसजवळच्या कॅफेत ते रोज २२० रुपयांची कॅपुचिनो घेतात. घरी एस्प्रेसो मशीन आणले तर महिन्याला ५,७०० रुपये वाचतील आणि दहा-अकरा महिन्यांत मशीनचे पैसे वसूल होतील, असा त्यांचा हिशेब आहे. ग्राइंडर आतच बसवलेले ६०,००० रुपयांचे मशीन बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घ्यावे, की मशीन आणि ग्राइंडर वेगवेगळे घ्यावेत, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

मात्र आपली आर्थिक शिस्त चांगली आहे हे सांगण्यासाठी त्यांनी पत्राच्या शेवटी तीन गोष्टी लिहिल्या आहेत. क्रेडिट कार्डावर १,२०,००० रुपयांची थकबाकी आहे, पण महिन्याची किमान रक्कम एकदाही चुकलेली नाही. दीड लाखाची एफडी आहे आणि ती मोडायची नाही असे आईने बजावल्यामुळे तिला हात लावलेला नाही. शिवाय आठ महिन्यांपूर्वी, त्याच एफडीसाठी बँकेत गेले असताना, दरमहा ६,००० रुपये हप्त्याची ‘गॅरंटीड’ पॉलिसी घेतली आहे.

ग्राइंडरकडे मी शेवटी येतो. आधी कार्डाबद्दल लिहिले पाहिजे, कारण तुमचे पैसे तिथून गळत आहेत आणि पत्रावरून तरी तुम्हाला त्याची जाणीव झालेली दिसत नाही.

तुमच्यासारख्या कार्डावर महिन्याला साधारण साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लागते, म्हणजे वर्षाला बेचाळीस ते पंचेचाळीस टक्के. १,२०,००० रुपयांवर महिन्याचे व्याज सुमारे ४,३०० रुपये झाले आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी धरला की आकडा ५,१०० रुपयांपर्यंत जातो. तुम्ही भरता ती किमान रक्कम साधारण ६,००० रुपये आहे. म्हणजे दर महिन्याला भरलेल्या सहा हजारांपैकी कर्ज फक्त नऊशे रुपयांनी कमी होते. मागच्या दिवाळीत थकबाकी १,३०,००० रुपये होती, असे तुम्हीच लिहिले आहे. या काळात तुम्ही सुमारे पंचाहत्तर हजार रुपये भरले आणि कर्ज दहा हजारांनी उतरले. ‘किमान देय रक्कम’ भरल्याने तुमचे खाते थकीत ठरत नाही, एवढाच तिचा उपयोग. कर्ज फेडण्याचा तो मार्ग नव्हे. कार्डाचे पत्रक नीट पाहा. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड कित्येक महिने किंवा वर्षे लांबते, असा इशारा त्यावर छापणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरांत असतो आणि किमान रकमेचा आकडा ठळक असतो, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून निसटतो.

आता दुसऱ्या बाजूची एफडी पाहा. दीड लाखावर सात टक्क्यांनी महिन्याला पावणेनऊशे रुपये मिळतात, कर जाऊन सातशे. सातशे रुपये मिळवण्यासाठी तुम्ही दरमहा पाच हजार रुपये व्याज देत आहात. एफडी मुदतीपूर्वी मोडल्यास बँक व्याजदरातून अर्धा ते एक टक्का कापून घेईल, म्हणजे फार तर हजार-दीड हजार रुपये जातील. तेवढे या कार्डावर दहा दिवसांत जातात. आईंनी ठेव मोडू नकोस असे सांगितले तेव्हा त्यांच्यासमोर हे पत्रक नव्हते. ते त्यांना दाखवा आणि व्याजाच्या ओळीवर बोट ठेवून समजावून सांगा. ज्यांनी संसारात पै-पै राखली आहे त्यांना हा हिशेब माझ्यापेक्षा लवकर पटेल.

म्हणून या आठवड्यात एफडी मोडा आणि कार्ड पूर्ण फेडा. मागच्या पत्रकावरचा आकडा भरून थांबू नका. व्याज रोज चढते, त्यामुळे आजची नेमकी रक्कम बँकेकडून विचारून घ्या. पुढच्या पत्रकात उरलेले थोडे व्याज येईल, तेही पूर्ण भरा. हातात तीस हजार उरतील आणि ते कमी आहेत, हे खरे. पण सुटलेले सहा हजार आणि मशीनच्या हप्त्यासाठी तुम्ही धरलेले पाच हजार असे अकरा हजार दरमहा बाजूला टाकले, तर अकरा महिन्यांत दीड लाख पुन्हा उभे राहतात.

‘नो कॉस्ट ईएमआय’चे नाव मला अजिबात मान्य नाही. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. आजच्या योजनेत बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी येते. साठ हजारांवर हे हजार-बाराशे रुपये होतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा हप्ता तुमच्या किमान देय रकमेत मिळवला जाईल, आणि जोवर जुनी थकबाकी आहे तोवर या कार्डावरच्या इतर कोणत्याही नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळणार नाही.

पॉलिसीचेही ऐका. दहा वर्षे भरा, विसाव्या वर्षी दुप्पट घ्या, असे तुम्हाला सांगितले गेले. तुमचा प्रत्येक रुपया सरासरी पंधरा वर्षे अडकतो आणि दुप्पट होतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी बहात्तरला भागले की वार्षिक परतावा साधारण कळतो. बहात्तरला पंधराने भागा, पावणेपाच टक्के येतो. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून कित्येक वर्षे ७.१ टक्के राहिला आहे. विमा म्हणावा तर छत्र सात लाखांच्या आसपासचे, आणि तुमच्यावर आई-वडील अवलंबून आहेत. एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा, तुमच्या वयाच्या निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाला वर्षाला साधारण बारा ते पंधरा हजारांत मिळतो. तुम्ही त्याच्या पाचपट भरत आहात. कार्डाची थकबाकी असलेल्या ग्राहकाला ही पॉलिसी विकणाऱ्याने तुमचे हित पाहिलेले नाही. पॉलिसी परत करता येणारी तीस दिवसांची फ्री-लूक मुदत केव्हाच संपली आहे. आज बंद केली तर भरलेले ४८,००० रुपये जातील. मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार, वर्षभराचा पूर्ण हप्ता भरून पहिले वर्ष संपले की काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, द्यावेच लागते. म्हणून उरलेले चार हप्ते भरा, मग सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी चालू ठेवणे) या दोन्हींचे आकडे लेखी मागवा. आकडा भरलेल्या रकमेपेक्षा बराच कमी असेल. तरीही पुढची नऊ वर्षे भरत राहण्यापेक्षा तो स्वीकारणे योग्य ठरेल, असे माझे मत आहे. टर्म इन्शुरन्स मात्र त्याआधी घेऊन ठेवा.

आता कॉफी. घरची कॅपुचिनो फुकट नसते. एका डबल शॉटला १८ ग्रॅम पूड लागते. चांगल्या बियांचे २५० ग्रॅमचे पाकीट साडेपाचशेच्या आसपास धरले तर तेरा-चौदा कप होतात, म्हणजे कपाला चाळीस रुपये. दूध, वीज आणि मशीनमधला क्षार काढण्याचा खर्च धरून पंचावन्न. महिन्याचे बावीस कामाचे दिवस मोजले तर बचत साडेतीन हजारांच्या आसपास येते, तीही कॅफे पूर्ण सुटले तर. तुम्ही तिथे सहकाऱ्यांबरोबर जाता, त्यामुळे निम्म्या फेऱ्या चालूच राहतील. साठ हजार वसूल व्हायला पावणेतीन वर्षे लागतील. मशीन आवडीसाठी घ्या, त्यात काही गैर नाही. बचत म्हणून घेऊ नका.

मशीन आणि ग्राइंडर वेगळेच घ्यावेत आणि आधी ग्राइंडर घ्यावा. एस्प्रेसोत सुमारे ९ बार दाबाने १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी उतरायला हवी. पूड किंचित भरड झाली तर ती बारा सेकंदांत उतरते आणि आंबट लागते. फार बारीक झाली तर थेंबही पडत नाही. हे सगळे दळणावर ठरते. खोक्यावरचे ‘१५ बार’, ‘२० बार’ हे पंपाच्या कमाल क्षमतेचे आकडे आहेत, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. जोडमशीनमधला ग्राइंडर बिघडला की मशीनही दुरुस्तीला जाते, आणि पुढे फक्त ग्राइंडर बदलायचा म्हटले तरी जमत नाही.

पोलादी दात्यांचा, एस्प्रेसोसाठी बारीक टप्पे असलेला हाताचा ग्राइंडर दहा-बारा हजारांत मिळतो. १८ ग्रॅम दळायला मिनिटभर लागते. कार्ड फिटल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत तो आणि एक मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचे कॉफीचे भांडे, घ्या. मोका पॉटचा दाब जेमतेम एक-दोन बार असतो, म्हणून ती एस्प्रेसो नव्हे, पण ताज्या दळलेल्या पुडीची कॉफी दुधात छान उतरते. एफडी परत उभी राहण्याचा मुहूर्त त्यामुळे महिना-दीड महिना पुढे जाईल, तेवढे चालेल. मग वीस-पंचवीस हजारांचे, डेलॉन्गी डेडिकाच्या वर्गातले मशीन रोखीने घ्या. घेताना त्याला साधी, एकेरी तळाची गाळणी बसते का, हे दुकानदाराला विचारून घ्या. सोबत येणाऱ्या दुहेरी तळाच्या गाळणीत कशाही दळणावर फेस येतो आणि चांगल्या ग्राइंडरवर खर्च केलेले पैसे चवीत उतरत नाहीत.