स्लाइड निगेटिव्ह, मशीनवर ३१०

प्रश्न : जिंतूर तालुक्यात माझी छोटी लॅब आहे. पाय सुजलेला, तापाने फणफणलेला एक शेतकरी सकाळी आला. माझ्याकडे सीआरपीची (सूज असली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) स्लाइड टेस्ट निगेटिव्ह आली. त्याच संध्याकाळी परभणीत मशीनवर ३१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे सीआरपी असलेला किटमधला नमुना, तर व्यवस्थित आला होता. किट खराब होतं का?

उत्तर : ताई, कंट्रोल नीट आला म्हणजे तुमचं लेटेक्स, म्हणजे किटमधला बारीक कणांचा द्राव, जिवंत होतं. मला संशय आहे तो प्रोझोनचा, म्हणजे सीआरपी फारच जास्त असल्यामुळे टेस्ट खोटी निगेटिव्ह येण्याचा.

सीआरपी यकृतात तयार होतं. सूज किंवा जंतुसंसर्ग झाला की सहा-आठ तासांत वाढायला लागतं आणि साधारण दोन दिवसांत कळस गाठतं. सकाळी ६ च्या (स्लाइडला दिसणाऱ्या किमान पातळीच्या) खाली असलेलं संध्याकाळी ३१० होत नाही. हो, ३१०च. डेसिलिटरचा आकडा लिटरमध्ये दहापट होतो आणि तुमची स्लाइड मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये बोलते. रिपोर्टवर एकक ठळक लिहीत जा. ते न पाहिल्यामुळे ३१ ला किरकोळ समजणारे मी पाहिलेत.

आता स्लाइडवर काय झालं ते बघा. लेटेक्सच्या कणांवर सीआरपीला धरणाऱ्या अँटिबॉडीज असतात. एकाच सीआरपीला दोन कणांनी धरलं की गुठळी दिसते. पण सीआरपी बेसुमार असेल तर प्रत्येक कण आपापल्या परीने भरून जातो. दोन्ही हातांत घागरी असलेल्या बायकांना एकमेकींचा हात धरता येत नाही, तसंच. गुठळी होत नाही, थेंब दुधासारखा एकसारखा राहतो आणि सगळ्यात आजारी माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह जातो. मला या टेस्टची भीती वाटते ती इथेच.

उपाय स्वस्त आहे. पेशंट आजारी दिसतोय आणि स्लाइड निगेटिव्ह, असं झालं की तेच सीरम सलाईनमध्ये दहापट पातळ करून पुन्हा लावा. गुठळी आली तर पुढे दुप्पट-दुप्पट पातळ करत जा. शेवटची गुठळी जिथे दिसेल तिथला पट गुणिले ६, एवढा अंदाज मिळतो. (तुमच्या किटची मर्यादा ६ च आहे ना, आणि प्रोझोन किती पातळीपर्यंत येत नाही, हे माहितीपत्रकात पाहा. काही किटमध्ये तो सहसा येत नाही, काहींत येतो.)

किटची काळजी तरीही घ्याच. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसवर जातो आणि पार्सल एसटीच्या टपावर तापत येतं. किटला २ ते ८ अंश हवेत. एकदाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. गोठलेलं लेटेक्स आपोआप गुठळ्या धरतं आणि मग निगेटिव्ह कंट्रोलही पॉझिटिव्ह दिसतो. टेस्टआधी बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, हलकेच हलवा, पंखा बंद करा आणि बरोबर दोन मिनिटांनी वाचा. थेंब कडेने वाळला की खोटी गुठळी दिसते.

त्या शेतकऱ्याच्या डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगा. सीआरपी सूज आहे एवढंच सांगतं, कुठे आणि कशामुळे ते नाही; पेशंटचा पाय त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे निगेटिव्ह स्लाइडवर शंका घेणं त्यांनाही शक्य होतं. पुढच्या वेळी असा पेशंट आला तर रिपोर्ट देण्याआधीच त्यांच्याशी बोला आणि पातळ केलेल्या सीरमचा निकालही त्याच कागदावर लिहा.