अराफुरा समुद्रातल्या लढाईवरच्या इंडोनेशियन युद्धपटात टॉर्पेडो बोटींवर कोणत्या तोफा दिसायला हव्यात?

पुढे एक आणि मागे एक, अशा ४० मिमी बोफोर्स तोफा. १५ जानेवारी १९६२ च्या रात्री डच नौदलाशी झालेल्या या लढाईत इंडोनेशियन नौदलाचे कमोडोर योस सुदार्सो ज्या 'माचान तुतुल'वर मारले गेले, ती पश्चिम जर्मनीत बांधलेली जग्वार वर्गाची बोट होती आणि त्या वर्गाची मूळ तोफरचना हीच. बोफोर्स म्हटलं की आपल्याला १५५ मिमीची हॉवित्झर आठवते. ही मात्र विमानविरोधी तोफ, चार-चार गोळ्यांच्या क्लिपा वरून हातानेच भरायच्या. पडद्यावर तोफची हे करताना दिसले तर दृश्य खरं वाटतं. या बोटींना ५३३ मिमीच्या चार टॉर्पेडो नळ्या असत, पण त्या रात्री टॉर्पेडो नव्हतेच, असं लढाईच्या वर्णनांत येतं. त्यामुळे डच युद्धनौका 'एव्हर्टसेन'च्या दिशेने टॉर्पेडो सुटताना दाखवला असेल, तर ती पटकथेची भर समजा.